बाघ-वैनगंगेचे करार आणि काठची माणसे

गोंदिया जिल्ह्याला लागून वाहणाऱ्या बाघ आणि वैनगंगा या नद्या काही अंतरापर्यंत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची सीमा आखतात, परंतु ही सीमा वाटते तितकी जुनी नाही. पलीकडचा बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवण्यात आला, आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे नदीचे दोन्ही काठ एकाच प्रांतात नांदत होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे बाघेच्या पाण्यावरून भंडारा आणि बालाघाट यांच्यात काही कुरबुर झालीच, तर तिचा निकाल एकाच सचिवालयात लागू शकत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि ज्या नदीच्या दोन्ही काठांवर पोवार, गोंड, ढिवर अशा समाजांचे रोटी-बेटीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, ती नदी कायद्याच्या भाषेत एकाएकी ‘आंतरराज्य नदी’ ठरली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला गोंदिया जिल्हा या सीमेचा आणि तिच्याबरोबर आलेल्या करारांचा वारस आहे.

आंतरराज्य पाणीकरार म्हणजे दोन किंवा अधिक राज्य सरकारांनी एखाद्या सामाईक नदीच्या पाण्याचा वापर, त्यावरील धरणांचा खर्च, बुडणारी जमीन आणि मिळणारे सिंचन यांविषयी आपसांत केलेला लेखी ठराव. असा ठराव जमला नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २६२ आणि त्याखाली केलेल्या १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यानुसार केंद्र सरकार न्यायाधिकरण नेमते, म्हणजे पाण्याच्या तंट्यापुरते खास न्यायालय बसवते, आणि एकदा हा मार्ग धरला की तो तंटा नेहमीच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर जातो. गोदावरी खोऱ्यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली असे न्यायाधिकरण बसले. त्याचे काम चालू असतानाच खोऱ्यातील राज्यांनी १९७५ साली आपसांत करार केले, आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात त्या करारांना स्थान मिळाले. वैनगंगा ही वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते, त्यामुळे सालेकसा किंवा आमगाव तालुक्यातील ओढ्यानाल्यांचे पाणीही अखेर याच निवाड्याच्या छत्राखाली मोडते.

१९५६ च्या कायद्यातील एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. जलविवाद कशाला म्हणायचे हे सांगताना या कायद्याने राज्याच्या हितसंबंधांबरोबर त्या राज्यातील रहिवाशांच्या हितसंबंधांचाही उल्लेख केला आहे, म्हणजे नदीकाठी राहणाऱ्या माणसाचे नुकसान हे तक्रारीचे वैध कारण मानले आहे. मात्र तक्रार करण्याचा अधिकार फक्त राज्य सरकारला दिला आहे. परिणामी ज्याचे नुकसान होते तो रहिवासी कायद्यात उपस्थित असूनही दाराबाहेर उभा राहतो, त्याचे सरकार बोलले तरच तो बोलला असे धरले जाते, आणि सरकारला इतर कारणांसाठी शेजाऱ्याशी जमवून घ्यायचे असेल, तर त्या रहिवाशाच्या तक्रारीला वाचाच फुटत नाही. या रहिवाशांत स्त्रिया किती आणि त्यांचे हितसंबंध पुरुषांपेक्षा वेगळे असू शकतात का, हा प्रश्न तर १९५६ साली कोणी विचारलाच नव्हता.

पाणीवाटपाच्या कागदपत्रांत पाणी मोजण्याचे परिचित एकक म्हणजे टीएमसी, अर्थात एक हजार दशलक्ष घनफूट. मेट्रिक हिशेबात हे पाणी सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २,८३० कोटी लिटरच्या आसपास भरते. नदीत असे किती टीएमसी पाणी आहे हे ठरवताना बहुधा ७५ टक्के विश्वासार्हतेचा आधार घेतला जातो, म्हणजे शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान जेवढे पाणी मिळेल, तेवढे वाटपास उपलब्ध मानले जाते. ही पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीने चुकीची नाही, आणि धरण केवढे बांधावे हे ठरवण्यास तिच्यावाचून गत्यंतरही नाही. पण तिच्यात वर्ष हे काळाचे सर्वांत लहान माप आहे. काठावरच्या माणसाचे बरेवाईट मात्र वर्षाने ठरत नाही. ते जुलैतल्या एखाद्या आठवड्यात, ऑगस्टच्या एखाद्या रात्री किंवा मेच्या पंधरवड्यात ठरते, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही राज्यांनी आपापल्या वाट्याचे पाणी करारानुसार अगदी चोख वापरले असे सिद्ध झाले, तरी त्या आठवड्याचे, त्या रात्रीचे आणि त्या पंधरवड्याचे नुकसान भरून निघत नाही. आंतरराज्य करारांच्या सुधारणेचा विचार या विसंगतीपासून सुरू केला, तर त्यात स्त्रियांचा प्रश्न ओढूनताणून आणावा लागत नाही, कारण हे मोजके दिवस बव्हंशी स्त्रियांच्याच श्रमाचे असतात.

बाघ प्रकल्प हा या भागातील दोन राज्यांच्या भागीदारीचा जुना नमुना होय. देवरी तालुक्यातील सिरपूर, खालच्या बाजूचे पुजारीटोला आणि कालीसरार या धरणांचा मिळून हा प्रकल्प बनलेला असून त्याच्या पाण्यात महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशाचाही वाटा आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्याच्या सीमेवर बावनथडी नदीवर उभा असलेला राजीव सागर हा असाच दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प. वैनगंगेच्या वरच्या अंगाला सिवनी जिल्ह्यात भीमगडचे संजय सरोवर आहे, त्याचे दरवाजे मध्य प्रदेशाच्या हातात आहेत. खालच्या अंगाला पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे, त्याचे दरवाजे महाराष्ट्राच्या हातात आहेत. या दोहोंच्या मध्ये गोंदिया आणि तिरोडा तालुक्यांतील नदीकाठची गावे येतात, आणि त्यांच्यापर्यंत येणारे पाणी किती व केव्हा येईल हे मुख्यतः दुसरीकडेच ठरते.

गोंदियाचा शेतकरी धानावर जगतो. जूनमध्ये पऱ्हे टाकले जातात, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ती रोपे उपटून चिखल केलेल्या बांधीत लावली जातात; या लावणीलाच पूर्व विदर्भात रोवणी म्हणतात. पाऊस ऐन जुलैत दडी मारून बसला आणि नहराला पाणी आले नाही, तर पऱ्हे जुने होतात, त्यांना फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी उताऱ्यातली तूट राहतेच. रोवणीचे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांचे आहे. गावोगावच्या बायकांच्या टोळ्या एकरामागे ठरलेल्या ठेक्यावर किंवा रोजीवर हे काम करतात, आणि कित्येक भूमिहीन घरांची पावसाळ्यातील रोख कमाई या तीन-चार आठवड्यांत गोळा होते. नहराचे पाणी दहा दिवस उशिरा आले, तर जमीनमालकाचे पीक उशिरा लागते, पण रोवणी करणारीची मजुरी कायमची बुडते, कारण एकाच वेळी सगळ्या बांध्यांत पाणी आल्यावर जो तो घाई करतो, यंत्राने लावणी करून घेतो किंवा पेरीव धानाकडे वळतो, आणि चार आठवड्यांचे काम दीड आठवड्यात आटोपते. करारातील वार्षिक टीएमसी मात्र तेवढेच राहते.

पुराचे उदाहरण अधिक ठळक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरासह वरच्या धरणांतून मोठ्या प्रमाणात पाणी सोडण्यात आले, खाली गोसीखुर्दचे दरवाजेही उघडावे लागले, आणि गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वैनगंगा खोऱ्यातील गावांत पाणी शिरले. अशा वेळी धरणाचे दरवाजे उघडण्यावाचून पर्याय नसतो हे मान्य करूनही, किती पाणी, कोणत्या वेळी आणि किती आधी कळवून सोडायचे याचे बंधन करारात असणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला आहे, पण वरच्या राज्यातील धरणाचा आराखडा खालच्या राज्यातील ग्रामपंचायतीच्या फलकावर तिला वाचता येईल अशा भाषेत लागावा, हे त्यातून आपोआप घडत नाही. पूर ओसरल्यावर जे पंचनामे होतात, त्यांत सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या पिकाची नोंद होते आणि मदतीची रक्कमही त्याच्याच खात्यात जमा होते. भिजून कोंब आलेले घरातले धान, वाहून गेलेल्या शेळ्या-कोंबड्या, चिखलाने बुजलेली विहीर, महिनाभर न मिळालेली मजुरी यांपैकी पुष्कळसे त्या पंचनाम्यात मावत नाही, आणि हे न मावणारे नुकसान घरातल्या बाईच्या वाट्याचे असते.

उन्हाळ्याची कथा त्याहून गुंतागुंतीची आहे. गोंदिया शहराला पाणी पुरवणारी योजना डांगोर्ली येथे वैनगंगेतून पाणी उचलते. उन्हाळ्यात तेथे नदीचे पात्र आटते, आणि अशा वर्षांत पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्याने सोडून डांगोर्लीपर्यंत पोचवावे लागले आहे. म्हणजे बाघेवरील धरणात दोन राज्यांच्या शेतीसाठी साठवलेले पाणी वैनगंगेवरील शहराची तहान भागवण्यासाठी धावत येते. शहराला पाणी मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच महिन्यांत नदीकाठच्या खेड्यांत रेतीत झिरे खणून पाणी भरावे लागते, विहिरींचे पाणी खाली जाते, आणि रेतीत डांगरांच्या वाड्या लावणाऱ्या ढिवर कुटुंबांचा हंगाम पात्रातल्या ओलीवर अवलंबून असतो. नदीत उन्हाळ्यात किमान किती पाणी वाहते राहिले पाहिजे याला किमान प्रवाह म्हणतात, आणि प्यायचे पाणी, गुरे, मासे, रेतीतली शेती यांचा एकत्र विचार त्या एका आकड्यात करता येतो. वार्षिक वाटपावर बेतलेल्या करारात हा महिनावार आकडा बसवला नाही, तर उन्हाळ्यातील प्रत्येक टंचाई ही त्या वर्षापुरती आणीबाणी ठरते आणि जिल्हाधिकारी, पाटबंधारे खाते व नगरपरिषद यांच्या पत्रव्यवहारातून तिची बोळवण होते.

या सगळ्यात स्त्रीला कागदावर जागा कोठे आहे, हे पाहू लागल्यास एक साखळी दिसते. कालव्याच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांच्या संचालक मंडळांत महिलांसाठी जागाही ठेवल्या, परंतु संस्थेचे सभासदत्व मुळात लाभक्षेत्रातील जमिनीच्या धारणेशी बांधलेले आहे. रोवणी, निंदण, कापणी या कामांत आयुष्य घालवलेल्या बहुसंख्य बायकांच्या नावावर जमीन नसते. १९८० च्या दशकाअखेरीस शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेतून पत्नीच्या नावावर जमीन करून देण्याचा आग्रह धरला होता, आणि २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तरीही बहिणीने हक्कसोड करून द्यायची ही रूढी गावात अजून कायद्याला पुरून उरली आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पाणीवापर संस्थेत सभासद नाही, आणि उन्हाळी धानाला पाणी द्यायचे की नाही हे ज्या कालवा सल्लागार समितीत ठरते, तिच्यापर्यंत म्हणणे पोचवण्याचा रस्ताही त्यामुळेच बंद. आंतरराज्य बैठकीची पायरी तर या साखळीच्या फार वर आहे.

ढिवर स्त्रियांची स्थिती आणखी बिकट आहे, कारण त्यांच्या उपजीविकेचा आधार जमीन नसून पाणी आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत मच्छीमार, नावाडी आणि जंगल वा जलसाठ्यांवर जगणारी कुटुंबे यांचा समावेश केला, हे मोठेच पाऊल होते. पण त्यांचे बाधित होणे जमीन संपादित झाल्यामुळे घडलेले असले पाहिजे, अशी अट त्यातच आहे. वर धरण झाल्यामुळे खालचा डोह आटला, डोंगा काठाला लागला आणि बाजारात टोपली घेऊन बसणारीकडे विकायला मासोळीच उरली नाही, तर तेथे कोणाचीही जमीन संपादित झालेली नसल्यामुळे ते कुटुंब कायद्याच्या दृष्टीने बाधित ठरत नाही. शिवाय शासनाने जमिनीची थेट खरेदी करण्याचा मार्ग पत्करला की व्यवहार सातबारा असणाऱ्यापुरता होतो, आणि भूमिहीनांची गणना करण्याचा प्रसंगच टळतो.

यावर कोणी म्हणेल की पुनर्वसन हा प्रत्येक राज्याचा अंतर्गत विषय असून दोन राज्यांच्या पाणीकरारात त्याला जागा नाही. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने १९७९ च्या अंतिम निवाड्यात सरदार सरोवरामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचे सविस्तर कलम घातले, चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर बागायती जमीन मिळावी असे सांगितले, आणि पुनर्वसनाआधी गाव बुडवता येणार नाही असा क्रमही लावून दिला. महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ आदिवासी गावांना या कलमाचा आधार होता, आणि पुढच्या साऱ्या संघर्षात हे कलम हातातले शस्त्र ठरले, कारण ते एखाद्या खात्याचे परिपत्रक नसून तीन-चार राज्यांवर बंधनकारक असा निवाडा होता. पाणीवाटपाच्या दस्तऐवजात माणसे मावतात, याचा यापेक्षा सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही. परंतु त्याच निवाड्याने कुटुंबातील प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले आणि सज्ञान मुलीचा विचार केला नाही. अविवाहित, परित्यक्ता वा विधवा स्त्री ही कोणाच्या तरी कुटुंबाची पुरवणी राहिली. ३४ वर्षांनी आलेल्या २०१३ च्या कायद्याने विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंबे ठरवले आणि सज्ञान व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, तिला वेगळे कुटुंब मानले. गोदावरी खोऱ्यातील करार या दोन टप्प्यांच्या मध्ये अडकून पडले आहेत: त्यांच्यात नर्मदा निवाड्यासारखे पुनर्वसनाचे भक्कम कलम नाही, आणि नंतरच्या कायद्यातील स्त्रीची ओळख तर त्यांना माहीतच नाही.

नवा करार केला म्हणजे जुन्या चुका टळतात असेही नाही. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात मुंबईत झालेल्या करारात गोदावरीवरील मेडीगड्डा बॅरेजची पूर्ण जलाशय पातळी, म्हणजे बॅरेजमागे पाणी जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत अडवायचे ती मर्यादा, १०० मीटर ठरवण्यात आली. या मर्यादेच्या हिशेबाने गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यात किती जमीन बाधित होईल हे कागदावर निघाले, पण बॅरेज उभे राहिल्यावर फुगवट्याचे पाणी, म्हणजे अडवलेल्या प्रवाहामुळे मागे चढणारे पाणी, संपादित न केलेल्या शेतांतही शिरले आणि तेथील शेतकऱ्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बॅरेजचे काही खांब खचले. वैनगंगेचे पाणी प्राणहितेवाटे सिरोंचाला पोचते, त्यामुळे गोंदियाच्या वाचकाला हे उदाहरण परके वाटू नये. करारात उंची होती, तारीख होती, दोन मुख्यमंत्र्यांची उपस्थिती होती; हिशेब चुकला तर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे आणि किती दिवसांत उत्तर मिळवायचे, ते मात्र नव्हते.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात सामाईक प्रकल्पांसाठी आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. या मंडळाची बैठक १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे झाली, तापी खोऱ्यातील महाकाय पुनर्भरण योजनेच्या करारावर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी सह्या केल्या, आणि त्या निमित्ताने असेही समोर आले की मंडळाची आधीची बैठक २००० साली, म्हणजे तब्बल २५ वर्षांपूर्वी झाली होती. पाव शतकात रोवणीच्या पंचवीस फेऱ्या झाल्या, २०२० चा पूर येऊन गेला, गोंदिया नावाचा जिल्हा बाल्यावस्थेतून तरुण झाला, आणि ज्या मंडळाने सीमेवरच्या पाण्याकडे पाहायचे ते एकदाही बसले नाही. अधिकाऱ्यांच्या पातळीवर कामकाज चालतच असते, हे खरे. पण त्या कामकाजाची नोंद लोकांसमोर येत नाही, आणि जे मंडळ स्वतःच भेटत नाही, त्याच्यापुढे नदीकाठच्या बाईने गाऱ्हाणे मांडावे असे सांगणे थट्टेचे ठरेल.

तेव्हा सुधारणेची पहिली पायरी अगदीच साधी आहे: मंडळाने वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा उन्हाळी धानाचा निर्णय होण्याआधी बसणे, आणि त्याचे इतिवृत्त मराठीत व हिंदीत प्रसिद्ध करणे. दुसरी गोष्ट करारात पाण्याचे वेळापत्रक घालण्याची, म्हणजे रोवणीच्या काळात नहराला पाणी सोडण्याच्या तारखा, पुराचे पाणी सोडण्याआधी किमान किती तास कळवायचे ती मुदत, आणि मार्च ते जून या महिन्यांतील किमान प्रवाह हे तीन आकडे टीएमसीच्या शेजारी लिहिण्याची. यांसाठी नवा निवाडा लागत नाही. एकूण वाटा न बदलता दोन्ही राज्ये पूरक करार करू शकतात. तिसरी गोष्ट बाधितांच्या व्याख्येची आहे, आणि ती खर्चाची असल्यामुळे तिला विरोध होईल: प्रकल्पामुळे प्रवाह बदलून ज्यांची उपजीविका गेली, त्यांना जमीन संपादित झालेली नसली तरी बाधित मानणे, आणि भरपाईचे खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावाने उघडणे. संयुक्त नावाची कल्पना नवी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांना मिळणारा वनहक्क दोघांच्या नावे नोंदवणे बंधनकारक केले, आणि याच कायद्यात जलाशयातील मासे व इतर उत्पादने यांवरचा सामूहिक हक्कही मान्य केला. या कायद्याचे मोल गोंदियात विशेष आहे, कारण देवरी-सालेकसा पट्ट्यात आदिवासी वस्ती मोठी असूनही गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही आणि म्हणून ग्रामसभेशी सल्लामसलत सक्तीची करणारा पेसा कायदा येथे लागू होत नाही, तर पलीकडच्या बालाघाटातील बैहर तहसील मात्र अनुसूचित क्षेत्रात मोडते. एकाच संयुक्त प्रकल्पाच्या दोन टोकांना आदिवासींचे हक्क असे वेगवेगळे असतील, तर करारानेच दोन्हींपैकी अधिक संरक्षण देणारी तरतूद सर्वत्र लागू करायला हवी.

लोकांना, त्यातही बायकांना, अशा तांत्रिक विषयात काय कळणार, हा प्रश्न सरकारी वर्तुळात उघडपणे नसला तरी मनातून विचारला जातो. त्याचे उत्तर याच भागात आहे. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारांच्या ताब्यात असलेले हजारो तलाव १९५० च्या दशकात मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे गेले, देखभाल सुटली, आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ अर्थात मामा तलाव असे नाव उरले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाबरोबर अशा तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले असून त्यात बायका पुढे आहेत: तलावात माजलेली बेशरम ही वनस्पती उपटून काढायची, गाळपेर नांगरून तिथे मूळच्या पाणवनस्पती लावायच्या, कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने कोणता मासा वाढतो याचे घराण्यात चालत आलेले ज्ञान त्यासाठी वापरायचे, असे ते काम आहे. तलावात पाणी केव्हा चढते, माशांची वीण केव्हा होते, कोणत्या महिन्यात पाणी उपसले तर बीज मरते, हे त्या बायकांना तिथीवार ठाऊक आहे, आणि कराराच्या वार्षिक हिशेबात नेमकी हीच तिथीवार माहिती नाही. नियंत्रण मंडळाच्या खाली बाघ आणि बावनथडी यांच्यासाठी दोन्ही काठांची एकेक संयुक्त खोरे समिती नेमून तिच्यात पाणीवापर संस्था, मच्छीमार सोसायट्या आणि बचत गट यांतून स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या, तर तो उपकार ठरणार नाही; मंडळाजवळ नसलेली माहिती मिळवण्याचा तो स्वस्त मार्ग ठरेल.

जगात इतरत्र या दिशेने थोडी वाटचाल झाली आहे, पण तिचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. १९९२ च्या डब्लिन परिषदेने पाण्याच्या व्यवस्थेत स्त्रियांची मध्यवर्ती भूमिका मान्य केली. आंतरराष्ट्रीय नद्यांविषयीच्या १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यात हितसंबंधांचा संघर्ष झाल्यास माणसाच्या जीवनावश्यक गरजांना विशेष महत्त्व द्यावे असे म्हटले आहे. भारत त्या करारनाम्याच्या मतदानात तटस्थ राहिला, आणि देशांतर्गत नद्यांना तो तसाही लागू होत नाही. राज्याराज्यांतील करारांना असे कोणतेही बाह्य माप नसल्यामुळे ते माप राज्यांनाच घडवावे लागेल.

त्याची संधी जवळच आहे. डांगोर्लीजवळ वैनगंगेवर बॅरेज बांधून गोंदियाचा पाण्याचा प्रश्न कायमचा सोडवण्याचा विषय दीर्घकाळ चर्चेत आहे, आणि नदीचा पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा असल्यामुळे त्यासाठी दोन राज्यांची संमती आवश्यक आहे. दुसरीकडे गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर दूर बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेणाऱ्या जोडकालव्याला महाराष्ट्राने मान्यता दिल्यामुळे वैनगंगेच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब आणखी काटेकोर होणार आहे. डांगोर्लीच्या कराराचा मसुदा तयार होईल, तेव्हा त्यात अडवलेल्या पाण्यातून काठच्या खेड्यांना मे महिन्यात किती पाणी मिळेल, दरवाजे उघडण्याची सूचना दोन्ही काठांच्या कोणत्या गावांना किती तास आधी मिळेल, फुगवट्याची रेषा बांधकामाआधी गावकऱ्यांसमक्ष जमिनीवर आखली जाईल की नाही, आणि पात्रात डांगरवाडी करणाऱ्या व मासे विकणाऱ्या बायकांची नावे बाधितांच्या यादीत कोणत्या रकान्यात येतील, हे चार प्रश्न गोंदिया तालुक्यातील आणि बालाघाट जिल्ह्यातील ग्रामसभांना सह्या होण्याच्या आधीच ठराव करून दोन्ही सरकारांकडे पाठवता येतील.